टाळूच्या खिडकीतून

तुमच्या घरी किंवा शेजारी दोन-चार महिन्यांचे तान्हे बाळ असेल, तर त्याच्या डोक्याकडे एकदा नीट पाहा. कपाळाच्या वर, माथ्याच्या पुढच्या भागात शंकरपाळ्याच्या आकाराची एक मऊ जागा दिसेल. बाळ शांत झोपले असेल तर ती जागा हलकेच वर-खाली होताना दिसते. हीच टाळू. आजी बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी टाळूवर तेल घालते, आणि कोणी धसमुसळेपणा करू लागले की "अरे, टाळू सांभाळा!" म्हणून दटावते.

टाळू म्हणजे काय? आपली कवटी हे एकच अखंड हाड नाही. अनेक चपट्या हाडांचे तुकडे एकमेकांना जोडून ती बनलेली असते. जन्माच्या वेळी हे तुकडे पुरते जुळलेले नसतात. त्यामुळे बाळाचे डोके जन्ममार्गातून येताना थोडे दबू शकते आणि पुढे मेंदू वाढू लागला की त्याला जागाही मिळते. हाडांच्या या तुकड्यांमध्ये जी सर्वांत मोठी फट राहते, ती टाळू. तिथे हाड नसते, पण चिवट पडदा आणि त्यावर कातडी असते. साधारण एक ते दीड वर्षात ती आपोआप भरून येते. तिची धडधड म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके. प्रत्येक ठोक्याबरोबर मेंदूत रक्त शिरते आणि पडदा किंचित उचलला जातो.

नारळाची करवंटी कितीही कठीण असली, तरी तिच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो आणि त्यातून आत शिरता येते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. नवजात बाळाच्या कवटीचा तसा मऊ डोळा म्हणजे टाळू. या डोळ्यातून आत पाहता येते हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, तेव्हा बाळांच्या एका गंभीर दुखण्याचा उलगडा झाला. ते दुखणे म्हणजे नवजात बाळाच्या मेंदूत होणारा रक्तस्राव. तो का होतो, त्याचे परिणाम काय होतात आणि तो टाळता येतो का, हे आज आपण पाहू. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस आहे. पण या विषयात नळ, दाब, झडप आणि प्रतिध्वनी या आपल्या ओळखीच्या गोष्टी इतक्या जागोजागी भेटतात, की तो तुम्हांला परका वाटणार नाही.

लिटल यांचे निरीक्षण

विल्यम जॉन लिटल हे लंडनमधील एक शल्यचिकित्सक होते. हातापायांच्या व्यंगांवर ते उपचार करीत. त्यांच्याकडे अशी पुष्कळ मुले येत, की ज्यांचे पाय ताठ असत, चालताना गुडघे एकमेकांवर घासत आणि टाचा जमिनीला टेकत नसत. लिटल यांनी या मुलांच्या जन्माची हकीगत बारकाईने विचारली. त्यांपैकी अनेक मुले अपुऱ्या दिवसांची जन्मलेली होती, तर काहींचे बाळंतपण फार अवघड झालेले होते. १८६१ साली लंडनमध्ये डॉक्टरांच्या सभेपुढे त्यांनी हे निरीक्षण मांडले. पायांतील ताठरपणाचे मूळ पायांत नसून जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेत असावे, असे त्यांचे म्हणणे होते.

पण ही इजा होते कशी, ते कोणालाच पाहता येत नव्हते. दगावलेल्या बाळाच्या शवविच्छेदनात मेंदूतील रक्त दिसे, पण जिवंत बाळाच्या डोक्यात काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. लिटल यांच्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे ही अडचण तशीच राहिली.

मेंदूतील रोपवाटिका

बाळ पूर्ण दिवसांचे व्हायला आईच्या पोटात सुमारे ४० आठवडे लागतात. यालाच आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. काही बाळे तर २६ किंवा २८ आठवड्यांतच जन्माला येतात. त्यांचे वजन जेमतेम एक किलो असते. अशा बाळाच्या सर्व शरीरात मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे चहाचा एक कपही भरणार नाही!

या वयात मेंदूची बांधणी ऐन भरात असते. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना विवरे म्हणतात. दोन्ही बाजूंच्या विवरांच्या काठाशी पेशींची एक रोपवाटिका असते. माळी रोपे एका वाफ्यात तयार करतो आणि मग शेतात नेऊन लावतो. तसेच येथे होते. नव्या पेशी या वाफ्यात जन्मतात आणि तेथून सरकत सरकत मेंदूतील आपापल्या ठिकाणी जातात. काम आटोपले की वाफा आटत जातो. ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत तो जवळजवळ नाहीसा होतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो नसल्यातच जमा असतो.

वाफ्याला पाणी भरपूर लागते. या रोपवाटिकेलाही रक्त भरपूर लागते. म्हणून तिथे बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पण हे जाळे तात्पुरते! थोड्या आठवड्यांनी मोडायचा मांडव कोणी दगडविटांचा बांधत नाही. तशाच या वाहिन्यांच्या भिंती अगदी नाजूक असतात. त्यांना स्नायूंचे अस्तर नसते आणि बळकटी देणारे तंतूही फारच थोडे असतात. आईच्या पोटात त्याने काही बिघडत नाही. बाळ मात्र दहा-बारा आठवडे लवकर बाहेर आले, की पंचाईत होते.

सायकलची ट्यूब आणि गावचा नळ

ही पंचाईत समजण्यासाठी सायकलचे चाक आठवा. हवेचा दाब ट्यूबमध्ये असतो, पण तो सोसतो टायर. टायर एखाद्या ठिकाणी फाटला, की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो. तो फुगत जातो, रबर पातळ होते आणि शेवटी फट्दिशी फुटते. मोठ्या माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांना स्नायूंचा आणि तंतूंचा टायर असतो. रोपवाटिकेतील वाहिन्या म्हणजे नुसती ट्यूब.

दुसरी गोष्ट दाबातील चढउतारांची. तुमच्या गावात नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर पाणी सुटताना नळ कसा फुसफुसतो, थडथडतो, ते तुम्ही ऐकले असेल. जुन्या पाइपाचे कच्चे सांधे फुटतात ते बहुधा अशाच वेळी. दाब मोठा असण्यापेक्षा तो एकाएकी बदलणे हे पाइपाला अधिक जाचक असते.

निरोगी मोठ्या माणसाच्या मेंदूत यासाठी एक सुंदर सोय आहे. रक्तदाब वाढला की मेंदूतील लहान धमन्या आकसतात आणि कमी झाला की रुंदावतात. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने शोधलेला नियम तुम्ही पुढे महाविद्यालयात शिकाल. चौथा घात असल्यामुळे त्रिज्येत अगदी थोडा बदल केला तरी प्रवाहात मोठा फरक पडतो. रक्तदाब वर-खाली झाला तरी मेंदूला मिळणारे रक्त जवळजवळ सारखे राहते, ते याच युक्तीने. म्हणूनच आपण कोलांटउडी मारली किंवा धावत जिना चढलो, तरी मेंदूत पूर येत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही सोय कच्ची असते. २८ आठवड्यांच्या बाळाचा सरासरी रक्तदाब असतो साधारण २८ ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतका. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे हा दाब सुमारे ४० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. हा दाब तसा लहानच, पण तो स्थिर राहत नाही. फुप्फुसे तयार नसल्याने बाळाला श्वास घेताना झगडावे लागते. प्राणवायू कमी पडतो, कर्बवायू साठतो, हृदय कधी मंदावते तर कधी धावते. दाबाचे हे सारे हेलकावे जसेच्या तसे त्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचतात आणि एखादी वाहिनी फुटते. असा रक्तस्राव बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच होतो. हे तीन दिवस निभावले, की मोठा धोका टळला असे म्हणायला हरकत नाही.

खिडकी उघडली

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ साली प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचे आडवे छेद दाखवले. पुढे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील लू-ॲन पापिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांची या यंत्राने तपासणी केली. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा डॉक्टर चकित झाले. ४६ पैकी २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला होता. त्याहून नवल म्हणजे, रक्तस्राव होऊनही जगलेल्या ९ बाळांपैकी ७ बाळांत बाहेरून त्याचे काहीच लक्षण दिसले नव्हते! तोवर अशी समजूत होती की मेंदूत रक्तस्राव झाला की बाळ एकाएकी गळपटते आणि बहुधा दगावते. प्रत्यक्षात तो अनेकदा गुपचूप होऊन जात होता.

पण सीटी स्कॅनमध्ये एक अडचण होती. किलोभर वजनाचे, श्वासासाठी झगडणारे बाळ ऊबदार पेटीतून काढून यंत्रापर्यंत न्यायचे आणि वर क्ष-किरणही द्यायचे, हे जोखमीचे काम. येथे टाळू मदतीला आली.

आपल्या कानांना सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ याच ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढते. जॅक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० साली असे स्फटिक शोधून काढले, की जे दाबले असता वीज निर्माण होते. उलट बाजूने, त्यांना वीज दिली की ते आकसतात आणि प्रसरण पावतात. असे स्फटिक बसवलेली एक लहानशी कांडी श्राव्यातीत ध्वनी सोडते आणि परतलेला प्रतिध्वनी टिपते. सोनोग्राफी म्हणतात ती हीच.

मोठ्या माणसाच्या डोक्यावर ही कांडी ठेवली तर फारसे काही दिसत नाही, कारण कवटीचे हाड बराचसा ध्वनी परतवते किंवा शोषून टाकते. बाळाच्या टाळूला हाडच नाही! ध्वनी तिथून सरळ आत शिरतो. एक छोटे गणित करू. बाळांसाठी साधारण ७५ लाख हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी वापरतात. मऊ ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ती येते सुमारे ०.२ मिलिमीटर. तरंगलांबी जितकी लहान, तितका तपशील बारीक. आता टाळूपासून ३ सेंटिमीटर खोल असलेल्या भागाचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागेल? ध्वनीला जाऊन-येऊन ६ सेंटिमीटर जावे लागते. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांशापैकी अवघे ४० भाग! हा वेळ मोजून यंत्र प्रत्येक वस्तूचे अंतर काढते आणि पडद्यावर चित्र उमटवते. विवरांतील द्रव काळा दिसतो, तर ताजे साकळलेले रक्त पांढरेशुभ्र चमकते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टर टाळूतून असे पाहू लागले. आज लहान बाळांच्या अतिदक्षता विभागात हे यंत्र ढकलत बाळाच्या पेटीशी आणतात. बाळाला हलवावे लागत नाही, दुखत नाही, क्ष-किरणांचा प्रश्न येत नाही. हवे तर रोज पाहता येते.

चार पायऱ्या

पापिल यांनी रक्तस्रावाच्या चार पायऱ्या सांगितल्या. थोड्याफार फरकाने त्या आजही वापरल्या जातात. पहिल्या पायरीत रक्त रोपवाटिकेपुरतेच असते. दुसऱ्या पायरीत ते विवरात उतरते, पण विवर फुगत नाही. तिसऱ्या पायरीत रक्ताने विवर फुगते. चौथ्या पायरीत विवराशेजारच्या मेंदूतही रक्त दिसते. हे रक्त विवरातून फुटून आलेले असते असे पूर्वी मानत. आता कळले आहे की बहुधा तसे नसते. रक्ताची गाठ शेजारच्या शिरा दाबते, रक्त परत जायची वाट बंद होते आणि मागचा भाग तुंबून मरतो.

परिणाम काय होतील हे बऱ्याच अंशी पायरीवर ठरते. पहिल्या दोन पायऱ्यांतील बहुतेक मुले पुढे इतर मुलांसारखीच चालतात, बोलतात, शाळेत जातात. तरीही रोपवाटिकेचीच नासधूस झाली असेल तर काही रोपे कमी पडतात, म्हणून या मुलांकडेही काही वर्षे लक्ष ठेवावे लागते. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत कायमचे परिणाम राहण्याचा धोका बराच वाढतो.

पूर्ण दिवसांच्या बाळांचे काय? साधे, सुखरूप बाळंतपण झालेल्या काही निरोगी बाळांचे एमआरआय काढले, तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली थोडेसे रक्त आढळले. बाळांना त्याचा काही त्रास नव्हता आणि ते पुढे आपोआप जिरले. म्हणजे 'मेंदूत रक्त' हे शब्द ऐकताच धीर सोडू नये. किती रक्त आणि कोठे, हे आधी पाहावे.

पायच का?

लिटल यांच्या मुलांचे पाय जास्त ताठ का होते, हे आता सांगता येते. हात, पाय, चेहरा यांना हुकूम देणाऱ्या पेशी मेंदूच्या पृष्ठभागावर असतात. त्यांचे तंतू खाली उतरताना विवरांच्या जवळून जातात. गंमत अशी की पायांकडे जाणारे तंतू विवराला सर्वांत लगटून असतात, हातांचे त्यापलीकडे आणि चेहऱ्याचे आणखी दूर. नदीला पूर आला की काठावरची घरे आधी पाण्यात जातात. तसे विवराच्या काठाशी इजा झाली की आधी पायांचे तंतू सापडतात.

मेंदूच्या एकाच बाजूला मोठी इजा झाली, तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात-पाय कमजोर होतो, कारण हे तंतू खाली उतरताना उजवीकडचे डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे जातात. अशा विकारांना मिळून सेरेब्रल पाल्सी म्हणतात. त्यातही एक कोडे आहे. जन्मतः झालेली इजा पहिल्या महिन्यांत दिसतच नाही. तान्हे बाळ कोठे चालत असते? मूल बसायच्या, रांगायच्या, उभे राहायच्या वयात आले, की मग उणीव जाणवते. काही मुलांना फेफरे येते, काहींना दिसायला किंवा शिकायला अडचण पडते.

पण बाळाच्या मेंदूत एक शक्ती असते, जी मोठ्यांत फारशी उरत नाही. मोठ्या माणसाला मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला तर अनेकदा वाचा जाते, कारण बहुतेकांचे भाषेचे केंद्र डावीकडे असते. जन्माच्या सुमारास डाव्या बाजूला तशीच इजा झालेली अनेक मुले मात्र बोलायला शिकतात. त्यांच्या मेंदूची उजवी बाजू ते काम उचलते. बांधकाम चालू असेपर्यंत नकाशा बदलता येतो, तसेच हे आहे. म्हणूनच अशा बाळाला पहिल्या वर्षापासूनच व्यायाम, खेळ, बोलणे, गाणी यांची जोड द्यायची असते. वाट पाहत बसण्यात त्याचे नुकसान होते.

मोरी तुंबली तर

विवरांमध्ये मस्तिष्क-मेरुद्रव नावाचा स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर! अरुंद वाटांनी तो मेंदूबाहेर येतो आणि रक्तात परत शोषला जातो. विवरात रक्त सांडले की या वाटा गाठींनी आणि सुजेने बुजतात. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, मग दुसरे काय होणार? द्रव साठतो, विवरे फुगतात आणि मेंदूचे तंतू ताणले जातात. याला जलशीर्ष म्हणतात. बाळाच्या कवटीचे सांधे सुटे असल्याने डोके मोठे होऊ लागते, टाळू फुगते. डोळ्यांची बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खालच्या पापणीआड जातात.

हे ओळखण्याचे पहिले साधन आहे शिंप्याची साधी फीत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि पहिले तीन महिने तो महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढतो. घेर याहून फार भराभर वाढू लागला तर डॉक्टर सावध होतात.

उपाय म्हणजे साठलेल्या द्रवाला दुसरी वाट काढून देणे. विवरातून एक बारीक नळी कातडीखालून पोटाच्या पोकळीपर्यंत नेतात. मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते. तिची एक हकीगत सांगण्यासारखी आहे. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. गाडीत चार महिन्यांचा थिओ होता. त्याच्या मेंदूला इजा होऊन जलशीर्ष झाले. जन्माच्या वेळचा रक्तस्राव नव्हता, पण तुंबलेली मोरी तीच. त्याला बसवलेली झडप पुन्हा पुन्हा बुजे आणि प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया करावी लागे. थिओचे वडील होते मुलांचे आवडते लेखक रोआल्ड डाल. त्यांना स्टॅन्ली वेड नावाचे एक कारागीर माहीत होते. खेळण्यातल्या विमानांच्या चिमुकल्या इंजिनांसाठी ते न बुजणारे पंप बनवीत. डाल, वेड आणि केनेथ टिल नावाचे शल्यचिकित्सक या तिघांनी मिळून सहजी न बुजणारी नवी झडप तयार केली. १९६२ साली ती वापरात आली, तेव्हा थिओला स्वतःला तिची गरज उरली नव्हती. पण ती काही हजार मुलांना बसवण्यात आली आणि तिघांनीही त्यातून नफा घेतला नाही.

एक कोकरू आणि वीस वर्षे

एकदा झालेला रक्तस्राव पुसून टाकणारे औषध नाही. म्हणून तो टाळण्याला फार महत्त्व आहे. त्याचा सर्वांत मोठा उपाय न्यूझीलंडमधील एका कोकराने दाखवला. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. प्रसूती कशाने सुरू होते हे त्यांना शोधायचे होते. पोटातील कोकरांना त्यांनी स्टेरॉइड हे संप्रेरक दिले होते. त्यांतले एक कोकरू इतके लवकर जन्मले की ते जगायला नको होते. पण ते श्वास घेत होते! त्याची फुप्फुसे वेळेआधीच तयार होऊ लागली होती.

लिगिन्स यांनी रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञांबरोबर २८२ मातांवर हा उपाय तपासला आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेळेपूर्वी कळा सुरू झालेल्या मातांना स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळांचा श्वासाचा विकार कमी होतो. इंजेक्शनानंतर निदान २४ तासांनी जन्मलेल्या बाळांत मेंदूतील रक्तस्रावानेही कोणी दगावले नव्हते. श्वास सुरळीत झाला की दाबाचे हेलकावे कमी होतात, हे आता तुम्हांला सांगायला नको.

पण हा स्वस्त उपाय जगभर रूढ व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. एकेक प्रयोग लहान, त्यामुळे डॉक्टरांची खात्री पटेना. पुढे सगळ्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले आणि १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी हा उपाय वापरण्याची शिफारस केली. आकडे एकत्र न मांडल्यामुळे मधल्या काळात वाचू शकली असती अशी किती बाळे गेली असतील? गणिताच्या तासाला सांख्यिकी कंटाळवाणी वाटली, तर हे आठवा. २०२० साली भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील मोठ्या प्रयोगानेही, रुग्णालयात चांगली सोय असेल तर या औषधाने बाळे वाचतात, हे पुन्हा दाखवले. आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण त्या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात इतकी दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हती.

दुसरा उपाय 'के' जीवनसत्त्वाचा. रक्त साकळण्यासाठी ते लागते. कोपनहेगनचे हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून ते शोधले आणि १९४३ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. हे जीवनसत्त्व वारेतून बाळाकडे फारसे जात नाही आणि आईच्या दुधातही थोडेच असते. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या, अगदी गुटगुटीत बाळालाही काही आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जन्मतःच १ मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन दिले की हा धोका जवळजवळ नाहीसा होतो.

बाकीचे उपाय साधे आहेत. नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबणे, लहानग्या बाळाची उचल-ठेव कमी करणे, त्याला उबेत ठेवणे. आणि एक गोष्ट तुमच्याही हातातली : तान्ह्या बाळाला गंमत म्हणून किंवा रडते म्हणून कधीही गदागदा हलवू नका. पूर्ण दिवसांच्या, सुदृढ बाळाच्या मेंदूतही त्याने रक्तस्राव होतो.

दोष कोणाचा?

तुमच्या शाळेत किंवा गल्लीत ताठ पायांनी, कुबडी घेऊन चालणारा एखादा मुलगा असेल, एखादी मुलगी अडखळत बोलत असेल. शब्द अडखळले म्हणून विचार अडखळतात असे नाही. त्या मुलीचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबा. तिला खेळात घ्यायचे असेल तर खेळाचे नियम थोडे बदला.

अशा मुलांच्या आईविषयी पुष्कळदा एक वाक्य ऐकू येते. "ग्रहणात भाजी चिरली असेल, म्हणून मूल असे झाले." ग्रहण म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या सावल्यांचा खेळ, हे तुम्ही भूगोलात शिकलात. मुलाच्या मेंदूत काय झाले, तेही आता तुम्हांला ठाऊक आहे. एक पातळ नळी होती, दाब एकाएकी बदलला आणि ती फुटली. त्यात आईने चिरलेल्या भाजीचा काही संबंध नाही. पुढच्या वेळी तुमच्यासमोर कोणी ते वाक्य उच्चारले, तर एवढे समजावून सांगा. ती आई जवळच बसलेली असेल, तर तिच्या देखत सांगा.